हंडा गप्प राहिला

हंडा घुमला तेव्हा अंगणातली सगळी माणसं एकदम खाली वाकली.

आवाज खरोखरच भीतिदायक होता. दगडी चुलीवर मोठा लोखंडी हंडा, त्यात खळखळ उकळणारं पाणी, हंड्याच्या तोंडावर तळाला बांबूची जाळी असलेली लाकडी पेटी. त्या पेटीतून असा हंबरडा निघत होता, की वाटावं, आत कोंडलेला बैल दावं तोडायला बघतोय. तो कानांपेक्षा छातीच्या फासळ्यांत जास्त जाणवत होता. माझ्या शेजारी आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताकेनो मावशी उभ्या होत्या. त्यांनी माझी बाही घट्ट धरली.

"देवी बोलली!" काकुज्यो महाराज ओरडले. "मालकांचं घर निर्मळ आहे! मागच्यांना ऐकू आलं ना?"

ऐकू न यायला काय झालं? डोंगरापलीकडच्या गावातली कुत्रीसुद्धा भुंकायला लागली होती.

महाराजांच्या कपाळावर इवलीशी काळी टोपी, गळ्यात शंख आणि कमरेमागे अस्वलाचं कातडं होतं. आल्यापासून ते गावच्या भट्टीचे मालक एनोकी यांच्या घरी उतरले होते आणि रोज सांगत होते, "सात हिवाळे मी डोंगरात पाइनच्या सुया खाऊन काढले. आठव्या हिवाळ्यात देवी स्वतः म्हणाली, काकुज्यो, पुरे कर, मलाच लाज वाटते." त्यांच्या पोटाचा घेर पाहता पाइनच्या सुया फारच पौष्टिक असाव्यात.

पण हसायची वेळ नव्हती. त्या दिवशी अंगणात कुणीच हसत नव्हतं.

आमचं कानेहारा गाव भट्टीभोवती वसलं. नदीच्या गाळातली काळी लोहवाळू, डोंगरातला कोळसा आणि मातीची भट्टी, जी दर वेळी नवी बांधायची आणि लोखंडासाठी दर वेळी फोडायची. त्या लोखंडाच्या तलवारी आमच्याच गावचे लोहार घडवत. कितीतरी पिढ्या सरदारांच्या कमरेला त्या लटकल्या. मग तलवार बाळगायला बंदी आली, परदेशचं स्वस्त लोखंड आलं, आणि मी लहान असताना भट्टी बंद पडली. भट्टीघराच्या छपरावर गवत वाढलं. मी शहरात जाऊन पदार्थविज्ञान आणि रसायन शिकून शाळेत शिकवायला परत आले, तेव्हा तिथे वटवाघळं राहत होती.

त्या वर्षी लष्कराला पुन्हा तलवारी हव्या झाल्या. अधिकाऱ्यांच्या कमरेला जुन्या रीतीने घडवलेली तलवार हवी, असा हुकूम निघाला. एनोकी मालकांनी छप्पर शाकारून घेतलं आणि भट्टी पेटवली. तीन दिवस, तीन रात्री भाते चालले. चौथ्या दिवशी पहाटे भिंती फोडल्या. आत बैलगाडीएवढी लोखंडाची ढेप हवी होती. निघाली ती काळी, काचेसारखी मळी, आणि तिच्यात चिकटलेले लोखंडाचे चार-दोन तुकडे.

भट्टीची देवी कानायागो. तिला बायका खपत नाहीत. बाई भट्टीघराचा उंबरा ओलांडत नाही. घरात बाळंतपण झालं, तर त्या घरचा पुरुषसुद्धा काही दिवस कामावर येत नाही. मेलेलं माणूस मात्र देवीला चालतं. नुसतं चालतं असं नाही, आवडतं. लोखंड येईनासं झालं की पूर्वी भट्टीघराच्या खांबाला मढं टेकवून ठेवत आणि मग लोखंड येई, असं म्हातारी माणसं सांगत. लहानपणी हे ऐकून आम्ही पांघरुणात शिरायचो. आता मोठी माणसं तेच एकमेकांना हळू आवाजात सांगत होती, आणि कुणी पांघरुणात शिरत नव्हतं.

महाराजांना मालकांनीच बोलावलं होतं. लोखंड कुणामुळे अडलं, ते देवीला विचारायचं होतं.

एकेका घरचा कर्ता पुरुष पुढे येई आणि घरून आणलेले मूठभर कोरडे तांदूळ महाराजांच्या हाती देई. महाराज मंत्र पुटपुटून ते पेटीतल्या जाळीवर पसरत. हंडा घुमे. घर निर्मळ. मग महाराज पेटी उचलून झटकत, पुन्हा ठेवत. पुढचं घर.

शेवटी यासुहेईंच्या घराची पाळी आली. यासुहेई म्हणजे भट्टीचे मुख्य कारागीर. ज्वाळेचा रंग बघून वाळू किती टाकायची, कोळसा किती टाकायचा, हे तेच ठरवत. त्यांचा मुलगा कुमाझो भात्यावर होता. त्यांचे तांदूळ पडले, हंडा घुमला. पण महाराजांनी हात वर केला.

"थांबा. या घरात एक बाई आहे."

कुमाझोची बायको इतोनो. गेल्या वर्षीच लग्न होऊन खालच्या खोऱ्यातून आलेली. तिला भट्टीघराच्या दाराशी कुणीतरी पाहिलं, अशी कुजबुज गावात होतीच.

"पुढे ये, पोरी. घाबरू नको. देवी रागीट आहे, पण खोटारडी नाही."

बायकांनी चुलीजवळ येऊ नये म्हणून भोवती दोर बांधला होता. इतोनो त्या दोराबाहेरून पुढे आली. तिच्या ओंजळीत तांदूळ होते.

"बाईच्या हातचे तांदूळ असे कसे टाकायचे?" महाराज लोकांकडे वळले. "आधी शुद्ध करायला हवेत. देवीच्याच वाफेत." त्यांनी तांदूळ एका रोवळीत घेतले, पेटी बाजूला करून रोवळी हंड्यावर धरली आणि लांबलचक मंत्र म्हटला. तांदूळ वाफेने ओलेचिंब झाले. मग पेटी पुन्हा ठेवून त्यांनी ते जाळीवर पसरले.

पाणी खळखळत होतं. वाफ येत होती. बाकी काही नाही.

"अगं बाई," ताकेनो मावशी पुटपुटल्या.

मी लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. त्यांवर राग दिसेल असं मला वाटलं होतं. दिसला तो सुटकेचा भाव. आपल्यावर आलं नाही, दुसरीवर गेलं. महाराजांपेक्षा मला त्या चेहऱ्यांची जास्त भीती वाटली.

शिक्षा महाराजांनी तिथेच सांगितली. भट्टीच्या बुडाखाली ओल धरू नये म्हणून दोन पोकळ बोगदे असतात. पुन्हा भट्टी बांधण्याआधी बुडावर निखारे पसरून जमीन सुकवतात. त्या दिवशी सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत इतोनोने एका बोगद्यात बसून देवीची क्षमा मागायची. बोगद्याच्या तोंडाला चटई लावायची.

"क्षमा मिळाली तर पोरगी चालत बाहेर येईल," महाराज म्हणाले. नाही मिळाली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

शाळा सुटल्यावर मी यासुहेईंच्या घरी गेले. म्हातारा शेगडीपाशी बसला होता. इतोनो मुळे चिरत होती.

"यासुहेई काका, निखाऱ्याखालच्या बंद जागेत माणूस दिवसभर बसलं तर काय होतं, तुम्हाला माहीत आहे."

"बाई, दर थंडीत कुणी ना कुणी शेगडी घेऊन दार लावून झोपतं," ते म्हणाले. "माहीत आहे."

"कोळशातून जो वायू सुटतो त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. ती संध्याकाळी चालत बाहेर येणार नाही."

त्यांनी चिमट्याने निखारा उलटला. "हंडा गप्प राहिला, बाई. मी काय बोलू?"

"तुम्ही नाही बोलायचं तर कुणी बोलायचं? भट्टी तुमची."

"भट्टी मालकांची," ते म्हणाले, आणि शेगडीत बघत राहिले. एवढा वेळ शेगडीत बघणारा माणूस थंडीने तसा बसत नाही. त्यांच्या मनात काहीतरी होतं, ते काय ते मला कळलं नाही.

इतोनो मला दारापर्यंत सोडायला आली. "मी बसेन, बाई. नाही बसले तर यांना भात्यावरून काढतील. आणि दुसऱ्यांदा लोखंड नाही आलं तर? मग सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत राहील जन्मभर."

"आणि बसलीस तर तुला जन्मच उरणार नाही."

तिचे हात मुळ्याच्या पाण्याने गारठून लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शाळेच्या स्वयंपाकघरात मी मोठा लोखंडी हंडा चुलीवर चढवला. नव्या वर्षाला चिकट तांदूळ वाफवायची पेटी फडताळातून काढली.

"काय करताय, बाई?" ताकेनो मावशींनी विचारलं.

"देवीला बोलावते."

"शाळेत? मालकांना विचारलंत का?"

पाणी उकळलं. पेटी ठेवली. वाफ आली, आवाज नाही. मी मूठभर कोरडे, गार तांदूळ जाळीवर पसरले.

आधी एक बारीक गुणगुण आली. मग हंडा असा हंबरला, की फडताळातल्या बशा थरथरल्या. मावशी धपकन गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी हात जोडले.

"उठा मावशी. इथे देवी नाही, तांदूळ आहेत."

"अहो, पण बोलतायत की ते!"

आवाज हळूहळू विरला. मी तांदूळ काढून नवे गार तांदूळ टाकले. पुन्हा हंबरडा. तेच गरम झालेले तांदूळ परत टाकले, तर काही नाही. मग रोवळीत घेऊन, वाफेत शुद्ध करून टाकले. काहीच नाही. मंत्र मला येत नव्हता म्हणून मी मुलांचा सातचा पाढा म्हटला. फरक पडला नाही.

"आता तुम्ही करा," मी मावशींना म्हटलं.

त्यांनी भीत भीत चिमूटभर तांदूळ टाकले. काही झालं नाही. "बघा, माझ्यावर रुसली!"

"मूठभर टाका, चिमूट नको."

त्यांनी मूठभर टाकले आणि हंडा घुमला. मावशी आधी किंचाळल्या, मग खदखदून हसल्या. नंतर त्यांनी हंडा इतक्या वेळा घुमवला, की डब्यातले तांदूळ संपत आले.

कारण साधं आहे. वाफ गार दाण्यांना भिडते तेव्हा खाली कढत आणि वर गार असा फरक पडतो. त्या फरकामुळे पेटीतली हवा मागे-पुढे हलू लागते, आणि पोकळ बांबूवर फुंकर मारल्यावर यावा तसा सूर निघतो, फक्त फार मोठा. दाणे पूर्ण तापले की फरक संपला, सूर संपला. यामागचं सगळं गणित मला मांडता येत नाही. पण जी गोष्ट मी हवी तेव्हा चालू करू शकते आणि हवी तेव्हा बंद करू शकते, ती माझ्याबद्दल किंवा इतोनोबद्दल निवाडा देऊ शकत नाही, एवढं कळायला ते गणित लागत नाही.

सुकवणीच्या दिवशी आभाळ खाली आलं होतं. भट्टीघराचं काळं दार उघडं होतं आणि आत बुडावर निखारे पसरलेले लांबूनही दिसत होते. बोगद्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, गुडघाभर उंचीचं. त्याच्यासमोर इतोनो पांढरे कपडे घालून उभी होती. आमच्याकडे पांढरे कपडे मेलेल्या माणसाला घालतात. कुमाझो भिंतीला टेकून तिच्याकडे न बघता उभा होता. चुलीवर हंडा उकळत होता, कारण महाराजांना आधी शंख वाजवून आणि हंडा घुमवून देवीला उठवायचं होतं.

मी दोरापाशी जाऊन मालकांना वाकून नमस्कार केला.

"मालक, माझाही निवाडा व्हावा."

"तुमचा? कशाबद्दल?"

"मीही बाई आहे. शाळेतून घरी जाताना भट्टीघरावरून जाते. एखादे वेळी माझी सावली आत पडली असेल."

लोकांत कुजबुज झाली. महाराजांना तर आनंदच झाला. एकीऐवजी दोघी. "शिकलेल्या बायका!" ते म्हणाले. "शहरातून पुस्तकं आणतात, सावल्या कुठे टाकतात ते बघत नाहीत. आणा तांदूळ."

त्यांनी माझे तांदूळ रोवळीत शुद्ध केले आणि पेटीत टाकले. हंडा गप्प.

"ही पण!" मागून कुणीतरी ओरडलं.

"महाराज," मी म्हटलं, "देवीच्या वाफेने तांदूळ शुद्ध होतात ना?"

"अर्थात."

"मग शुद्ध तांदळांनी पुरुषांचं काही बिघडणार नाही. मालकांच्या घरचे तांदूळही तसेच शुद्ध करून टाका. देवी दुप्पट मोठ्याने बोलेल."

महाराजांचा हात रोवळीवरच थांबला. "पुरुषाच्या तांदळांना गरज नसते."

"गरज नसेल. पण अपायही नसेल."

"देवीची परीक्षा बघायची नसते, बाई!"

"परीक्षा कसली? मालकांचा मान आहे."

हे मात्र एनोकी मालकांना पटलं. ते आडदांड, मानी गृहस्थ होते आणि आपल्या घरच्या तांदळांवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. "करा महाराज," ते म्हणाले. "माझं घर देवी ओळखते."

आता नाही म्हणता येईना. महाराजांनी मालकांचे तांदूळ रोवळीत अगदी क्षणभर धरले. "नीट धरा," ताकेनो मावशी दोराबाहेरून म्हणाल्या, "पोरीचे किती वेळ धरले होते!" लोकांनी माना वळवल्या. महाराजांना धरावेच लागले. पाणी टपकणारे तांदूळ पेटीत पडले.

पाणी खळखळलं. वाफ आली. हंडा गप्प राहिला.

मालकांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"देवी रागावली!" महाराज घाईने म्हणाले. "या बाईने तिला डिवचलं, म्हणून ती मौन धरून आहे. आज ती कुणाशीच बोलणार नाही."

"इतोनोशी बोलेल," मी म्हटलं. इतोनोच्या सासऱ्यांकडून मूठभर कोरडे तांदूळ मागून घेतले आणि तिच्या हातात दिले. "शुद्ध करू नकोस. तसेच टाक."

अर्धे दाणे जमिनीवर सांडले. उरलेले जाळीवर पडले आणि हंडा इतक्या जोरात हंबरला, की पुढच्या रांगेतली माणसं मागच्यांच्या पायांवर पडली.

"आता थांबेल," मी म्हटलं, आणि वाफ दाण्यांत मुरेपर्यंत वाट पाहिली. आवाज विरला. "आता परत बोलेल." मी गार तांदूळ टाकले. हंडा बोलला. मग मावशी पुढे आल्या आणि बाही सावरून म्हणाल्या, "सरका, मलाही येतं." त्यांनीही तो घुमवला. एक लहान मुलगी ओरडली, "मी, मी!" आणि अंगणात त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

"चेटूक!" महाराज म्हणाले, पण शंख हातात घेऊन ते मागे सरकत होते.

"चेटूक असेल तर आमच्या शाळेतल्या पेटीतही आहे. हवं त्याने येऊन करून बघावं. पण मालक, हंडा काहीही म्हणो, निखाऱ्याखाली माणूस बसवलं तर ते मरेल. देवीच्या रागाने नाही, कोळशाच्या वायूने."

"मग लोखंड का नाही आलं?" मालक गरजले. "एवढं सांगा, बाई! हंडा खोटा, महाराज खोटे, मग लोखंड का नाही आलं?"

मला त्याचं उत्तर माहीत नव्हतं. मी तसं सांगणार होते. तेवढ्यात यासुहेई पुढे आले. ते मालकांसमोर जमिनीवर बसले आणि त्यांनी कपाळ मातीला टेकवलं.

"जमीन ओली होती, मालक. इतकी वर्षं पाणी मुरलंय खाली. पूर्वी पेटवण्याआधी किती दिवस सुकवायचो. तुम्ही म्हणालात, लष्कराला घाई आहे. मी पेटवली. पहिल्याच रात्री ज्वाळेचा रंग बघून कळलं होतं मला, सगळी उष्णता खालचं पाणी खातंय." ते थांबले. "सांगायला भ्यालो. मग हिचं नाव निघालं आणि मी गप्प बसलो."

इतोनो त्यांच्याकडे बघत होती. मग ती वळली आणि पांढऱ्या कपड्यांतच घराकडे चालू लागली. कुमाझो भिंतीपासून सुटला आणि तिच्या मागून धावला.

महाराज कधी गेले ते कुणी पाहिलं नाही. अस्वलाचं कातडं मात्र मालकांच्या ओसरीवर राहिलं.

त्यानंतर हिवाळाभर भट्टीचं बूड सुकवलं. दुसऱ्या खेपेला भिंती फोडल्या तेव्हा आत लाल, धगधगती ढेप होती. तिच्या तलवारी झाल्या आणि पेट्यांत भरून गेल्या. कुणाच्या मानेवर गेल्या, हे विचारायची त्या वर्षांत सोय नव्हती. शहरातून येणारी वर्तमानपत्रं रोज काहीतरी घुमवत होती आणि लोक खाली वाकत होते.

वसंतात आम्ही बायका ओढ्यावर कपडे धुवत होतो. इतोनो माझ्या शेजारी होती. बराच वेळ ती एकच कपडा घासत राहिली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "मी खरंच आत गेले होते. पहिल्या भट्टीच्या वेळी. भात्यावर यांना भोवळ आली, तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी आत जाऊन यांना ओढून बाहेर आणलं. म्हणजे महाराजांनी बरोबरच ओळखलं होतं ना?"

"त्यांनी गावातली कुजबुज ऐकली होती. ती खरी निघाली, एवढंच. तू गेलीस म्हणून जमीन ओली झाली का?"

तिने विचार केला. "नाही."

"मग?"

"काय मग-मग चाललंय?" ताकेनो मावशी पलीकडून म्हणाल्या. त्यांचे कान तिखट. "आत तर मीही गेले होते. तरुणपणी. आमच्या ह्यांचा डबा राहिला होता. चांगली मोठी ढेप निघाली होती त्या खेपेला."

इतोनोने घासणं थांबवलं.

"मी पण गेले होते," दुसरी एक म्हातारी म्हणाली. "पोरगं आत पळालं होतं."

"आणि इतोनो, तुझी सासू!" तिसरी म्हणाली. "ती तर यासुहेईला झोपेतून उठवायला रोज जायची. देवाघरी गेली, पण कुणाला बोलली नाही. म्हणायची, उगाच कशाला."

इतोनोने हातातला कपडा ओढ्याच्या दगडावर ठेवला आणि ती हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि आम्ही कुणीच तिला थांबवलं नाही.

इतक्या वर्षांत इतक्या बायका आत गेल्या, आणि लोखंड कधी आलं, कधी नाही आलं. कुणी एकमेकींना विचारलं असतं, तर ही देवी बायकांवर रागावते हे खोटं आहे, असं फार पूर्वी कळलं असतं. तपासायला लागणारं सगळं गावातच होतं. फक्त प्रत्येकीने ते एकटीने, भीत भीत लपवलं होतं. म्हणून माझं सांगणं एवढंच: जे सांगायला भीती वाटते ते एकमेकांना सांगा. आणि कुणी तुमच्यासमोर चमत्कार केला, तर हात जोडण्याआधी म्हणा, पुन्हा करा, आणि या वेळी तांदूळ मी टाकते.